नर्सिंगमध्ये प्रोफेसर आणि रिसर्चर व्हायचंय? सांगली-साताऱ्याकडच्या सिस्टर-ब्रदरांसाठी सगळा रस्ता

वॉर्डात चार-पाच वर्षं काढली की आपल्याकडच्या बहुतेक सिस्टरांच्या डोक्यात एकच विषय फिरत असतो, आता पुढं काय. कुणी जर्मनचा क्लास लावते, कुणी परदेशी नोकरीसाठी ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते, कुणी सीएचओचा म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचा फॉर्म भरते, आणि उरलेल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात "एमएस्सी करते आणि कॉलेजला लागते, नाइट तरी सुटेल." नाइट सुटते हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण कॉलेजला लागणं आणि प्रोफेसर-रिसर्चर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट डिग्री आणि अनुभवाची वर्षं भरली की मिळते, दुसरीसाठी वॉर्डातला एक प्रश्न उचलून त्याच्यामागं दहा-पंधरा वर्षं लागावं लागतं. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे, पण डिग्र्यांचं गणित पण सांगणारच, कारण त्यातच निम्मी लोकं अडकतात.

नर्सिंगमध्ये रिसर्च म्हणजे काय ते आधी बघू, कारण आपल्याकडं रिसर्च म्हटलं की बायंडिंग केलेलं डेझर्टेशन, म्हणजे एमएस्सीचा प्रबंध, एवढंच डोळ्यांपुढं येतं. बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांची, रिस्क बघायला आपण ब्रेडन स्केल भरतो ना, सहा मुद्दे, ६ ते २३ मार्क, जितके कमी तितकी रिस्क जास्त. ती बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकेतल्या दोन नर्सिंग संशोधकांनी १९८० च्या दशकात बनवली. लिंडा एकन या पण नर्सच, त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा डेटा घेऊन २००२ ला दाखवून दिलं की सर्जिकल पेशंटांच्या वॉर्डात एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट जास्त आला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. आपण रोज चहा पिताना "एका सिस्टरला तीस पेशंट, कसं करायचं" म्हणतो, तेच त्यांनी मोजून मांडलं आणि जगभर स्टाफिंगच्या नियमांची चर्चा त्यावर चालली. म्हणजे तक्रार तीच, फक्त मोजलेली. मिरज, कराड, सांगली सिव्हिल, सातारा सिव्हिल इथं मोजायला काय कमी आहे का सांगा.

डिग्र्यांचं गणित

बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन बीएस्सी नर्सिंग, ४ वर्षं. किंवा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा ३ वर्षं आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी २ वर्षं. दोन्ही रस्त्यांनी तुम्ही एमएस्सीच्या दारात पोचता, त्यामुळं जीएनएमवाल्यांनी स्वतःला कमी समजायचं काही कारण नाही. वॉर्डातला हात बऱ्याचदा त्यांचाच चांगला असतो, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

एमएस्सीसाठी बीएस्सीला किमान ५५ टक्के लागतात, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आरएन-आरएम (नर्स आणि मिडवाइफ) रजिस्ट्रेशन लागतं आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बेसिक बीएस्सीवाल्यांचा हा अनुभव डिग्रीनंतरचाच पाहिजे, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचा पण चालतो. ५५ चा आकडा बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात ठेवा, कारण फर्स्ट इयरला पास झालं म्हणजे झालं असं म्हणत राहिलं की शेवटी ५३ वर गाडी थांबते आणि मग पुढं काही करता येत नाही.

रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल वेळेत करा, सीएनईची, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या प्रशिक्षणांची, सर्टिफिकेटं जपून ठेवा, एनआरटीएस या नर्सच्या राष्ट्रीय नोंदणी यंत्रणेतला एनयूआयडी नंबर घेऊन ठेवा. आणि अजून एक, १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ ला नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा झालाय, त्यामुळं नियम पुढं बदलत जाणार. मैत्रिणीनं तिच्या वेळी काय केलं यावर जाऊ नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

एक वर्षाचा अनुभव हा नियम झाला, मी म्हणते किमान दोन-तीन वर्षं गर्दीच्या वॉर्डात काढा. मेडिसिन, कॅज्युअल्टी, लेबर रूम, एनआयसीयू, कुठंही, पण गर्दी पाहिजे. पास झाल्या झाल्या कॉलेजात ट्यूटर म्हणून गेलेली मुलगी पोरांना प्रोसिजर मॅन्युअल वाचून शिकवते आणि पोरांना ते दुसऱ्याच दिवशी कळतं. आपल्या भागाचं नशीब असं की लांब जायची गरज नाही. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९० च्या दशकात हॉस्पिटल उभं केलं, नर्सिंग शिकवायची परंपरा तिथं जवळपास तितकीच जुनी आहे. शिवाय मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, कराडचं कृष्णा हॉस्पिटल, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, एवढे पेशंट एवढ्या जवळजवळ बघायला मिळणारी ठिकाणं राज्यात फार नाहीत.

स्पेशालिटी पाच आहेत, मेडिकल सर्जिकल, कम्युनिटी, ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोग), चाइल्ड हेल्थ आणि मेंटल हेल्थ. जास्त जागा कुठं आहेत हे बघून निवडू नका, कुठल्या पेशंटजवळ तुम्ही न कंटाळता उभ्या राहता ते बघून निवडा. नाव एकदा लागलं की पीएचडी, गाईडशिप (पीएचडीला मार्गदर्शन करायची मान्यता), प्रोफेसरशिप सगळं त्याच्याच मागं येतं, मधे बदलता येत नाही म्हणलं तरी चालेल. मेंटल हेल्थकडं लोकं फार वळत नाहीत, मला वाटतं तिथं काम करायला मैदान मोकळं आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी सांगलीत बघितलाय त्यांना पाणी ओसरल्यावर माणसांचं काय होतं ते सांगायला नको.

डेझर्टेशन: खरी सुरुवात इथं होते, आणि बरेच जण इथंच संपतात

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, घाई असेल तर बाकीचं गाळा पण हे वाचा.

कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत जा आणि डेझर्टेशनच्या कपाटापुढं उभं राहा. "अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम ऑन नॉलेज रिगार्डिंग अमुक अमंग तमुक इन सिलेक्टेड हॉस्पिटल्स ऑफ" आणि पुढं शहराचं नाव. एक ग्रुप, साठ सॅम्पल, प्रीटेस्ट, अर्धा तास फ्लिपचार्ट, सात दिवसांनी पोस्टटेस्ट, पेअर्ड टी ही आकडेमोड, निकाल सिग्निफिकंट, म्हणजे फरक योगायोगानं आलेला वाटत नाही. सिग्निफिकंट येणारच की ओ, जे प्रश्न विचारले त्याचीच उत्तरं शिकवली आणि परत तेच प्रश्न विचारले, न यायला काय झालं. कंट्रोल ग्रुप, म्हणजे न शिकवलेला तुलनेचा गट, नाही, त्यामुळं तुमच्या शिकवण्यानं फरक पडला का प्रीटेस्टमुळं माणूस घरी जाऊन मोबाइलवर बघून आला हे सांगता येत नाही. आणि नॉलेज वाढलं म्हणजे वागणं बदललं असं पण नसतं, हात धुवायचे पाच क्षण सगळ्यांना पाठ असतात, राउंडला बघा किती जण धुतात.

हा साचा चालतो कारण तो सोपा आहे, वेळेत संपतो आणि एक्झामिनरला पण सवयीचा आहे. एमएस्सीचे मार्क मिळवायचे एवढंच असेल तर खुशाल करा. पण पुढं रिसर्चर व्हायचं असेल तर एमएस्सीलाच वेगळा विषय घ्या, लहान असू दे पण खरा असू दे.

खरा प्रश्न कुठून आणायचा? वॉर्डातून. अप्रनच्या खिशात एक छोटी वही ठेवा आणि महिनाभर "असं का होतं" वाटलं की लिहून ठेवा. ट्रॅक्शनवरच्या पेशंटला बेडसोअर कितव्या दिवशी दिसतो. सिझेरियन झालेली बाई बाळाला पहिलं दूध पाजेपर्यंत किती वेळ जातो आणि तो वेळ कशात जातो. डायलिसिसचे पेशंट दुष्काळी भागातून, म्हणजे जत-आटपाडीकडून येतात, त्यांची एखादी फेरी का चुकते. महिनाअखेर वही काढा आणि प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: हे मोजता येतंय का, यात नर्सच्या हातात काही बदलण्यासारखं आहे का, आणि कुणी आधीच याचं उत्तर दिलंय का. तिसऱ्यासाठी पबमेडवर जगभरचे वैद्यकीय पेपर शोधा आणि शोधगंगेवर भारतातले पीएचडी थिसीस बघा, दोन्ही फुकट आहेत. तुम्ही सरकारी संस्थेत असाल तर जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून बरीच पैसेवाली जर्नल्स पण उघडतात, लायब्ररियन सरांना विचारा, त्यांना सहसा कुणी काही विचारत नाही त्यामुळं ते खूश होऊन मदत करतात.

वहीतला एक प्रश्न घेऊन पूर्ण करून दाखवते. समजा तुम्हाला वाटलं की आयव्ही कॅन्युलाच्या, म्हणजे सलाइनच्या सुईच्या, जागी सूज फार येते. हे झालं वाटणं. प्रश्न असा होईल: मेडिसिन वॉर्डात नवीन कॅन्युला लावलेल्या मोठ्या माणसांपैकी ७२ तासांत किती टक्के लोकांना फ्लेबायटिस, म्हणजे शिरेची सूज, होतो आणि तो कशाशी जोडलेला दिसतो, कॅन्युलाचा गेज, हाताची जागा, कुठलं अँटिबायोटिक, कुणी लावली. मोजायला व्हीआयपी स्कोअर आहे, सुईची जागा बघून द्यायचे मार्क, ० ते ५. आता सॅम्पल किती? साठ का, तर सिनिअरनं साठ घेतले म्हणून, हे उत्तर नाही चालणार. पीएसएमच्या, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्या, पुस्तकातला साधा फॉर्म्युला आहे, ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डी चा वर्ग. पी म्हणजे अंदाजे प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे किती चूक तुम्हाला चालेल. काहीच माहीत नसेल तर पी ५० धरा, डी १० धरला तर १०० येतात. पण आधीच्या अभ्यासात २० टक्के मिळाले असतील आणि तुम्हाला ५ टक्क्यांपर्यंतच चूक चालणार असेल तर ४ गुणिले २० गुणिले ८० भागिले २५, म्हणजे २५६. मधेच डिस्चार्ज होणारे, दामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, जाणारे १० टक्के धरा, म्हणजे साधारण २८५ लागतील. मोठा वाटतो आकडा, पण मेडिसिन वॉर्डात कॅन्युला किती लागतात ते तुम्हालाच माहितीय.

पुढं दोन ड्रेसिंगची तुलना करायची झाली तर प्रश्नच बदलतो, मग दोन ग्रुप, रँडमायझेशन (कोण कुठल्या ग्रुपमधे हे चिठ्ठीसारखं ठरवणं) आणि पॉवरचं (खरा फरक असेल तर तो पकडायची शक्यता) गणित येतं. दोन ग्रुपच्या सरासरीत मध्यम फरक, म्हणजे एफेक्ट साइझ ०.५, पकडायचा असेल तर ८० टक्के पॉवरला प्रत्येक ग्रुपमधे ६४ लागतात. जीपॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं निघतं. आणि स्टॅटिस्टिशियनकडं डेटा घेऊन जायचं नसतं, प्रश्न घेऊन जायचं असतं, गोळा करायच्या आधी. डेटा झाल्यावर गेलात तर तो फक्त काय गेलं ते सांगू शकतो. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉलेजकडं नसेल तर जामोवी वापरा, तेही फुकट आणि शिकायला सोपं.

कम्युनिटीवाल्यांसाठी आपल्या भागातली एक गोष्ट, सीझन. ऊसतोड बायकांवर काम करायचं असेल तर गाळप चालू असतानाच टोळ्या भेटतील, साधारण दिवाळीच्या पुढं ते मार्चपर्यंत, आणि भेटतील त्या पण संध्याकाळी, कारण तोड पहाटेच सुरू होते. मुकादमाला न सांगता खोपीवर गेलात तर कुणी बोलणार नाही, आणि मुकादम शेजारी उभा असेल तर कुणी खरं बोलणार नाही, याचा तोडगा प्रपोजल लिहितानाच काढावा लागतो. तासगाव-कवठेमहांकाळकडं द्राक्षबागेतल्या फवारणीचा त्रास बघायचा असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतरचे महिने धरा. शिराळा-पाटणच्या डोंगरपट्ट्यातले सर्पदंश पावसाळ्यात. कॉलेजचं कॅलेंडर सांगतं डेटा कलेक्शन एप्रिल-मेमधे, आणि एप्रिलमधे खोप्या रिकाम्या असतात. म्हणून विषय ठरवतानाच सीझन बघा नाहीतर एक वर्ष जातं.

परवानग्या

पहिली इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासात पेशंटांवर अन्याय होत नाही ना हे तपासणारी संस्थेची समिती. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा बसून वाचा, निदान कन्सेंटचा (संमतीचा) आणि व्हल्नरेबल (दबावाला बळी पडू शकणाऱ्या) लोकांचा भाग तरी. कन्सेंट फॉर्म मराठीत पाहिजे आणि तो खरंच कळणारा पाहिजे, शासकीय जीआरसारखा नको. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा आणि तुमच्या टीममधला नसलेला साक्षीदार ठेवायचा. आणि "नाही म्हणलात तरी उपचारात फरक पडणार नाही" हे वाक्य तोंडानं सांगा, कारण अप्रन घातलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्या लोकांना सवय नाही.

दुसरी जागेची परवानगी. पीएचसी किंवा उपकेंद्र असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर अधिष्ठाता. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर प्रिन्सिपल मॅडमच्या सहीचं, सोबत एथिक्सचं पत्र आणि टूलची (प्रश्नावलीची किंवा स्केलची) कॉपी जोडा, आवक नंबर टाकून घ्या, आणि चार दिवसांनी स्वतः जाऊन विचारा. टपालात टाकून घरी बसलात तर बसूनच राहाल. वरून परवानगी आली तरी वॉर्डच्या परिसेविका मॅडमना आणि गावात आशाताईंना आधी भेटा, खरी दारं त्याच उघडतात.

क्लिनिकल ट्रायल असेल, म्हणजे तुम्ही कुणावर काही वेगळं करून बघणार असाल, तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत रजिस्टर करा. फुकट आहे. एप्रिल २०१८ पासून ते आधीच करावं लागतं, नंतर घेत नाहीत, आणि चांगली जर्नल्स तो नंबर मागतात.

टूल दुसऱ्याचं असेल तर बनवणाऱ्याला मेल करून परवानगी घ्या. बहुतेक जण आनंदानं देतात. मराठी भाषांतर एकानं करायचं, उलट इंग्रजीत दुसऱ्यानं करायचं, दोन्ही जुळतात का बघायचं, आणि मग गावातल्या चार-पाच बायकांना वाचून दाखवायचं, जिथं त्या "काय म्हणला?" विचारतील तिथं वाक्य बदलायचं. टूल मोजायचं तेच मोजतं असं सांगणारं, तज्ज्ञांच्या सह्यांचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट यानंतर घ्या. आपल्याकडं फाइल न उघडता सही करणारे तज्ज्ञ खूप आहेत, त्यांच्यापेक्षा लाल पेननं पान भरून परत देणारी मॅडम शोधा, त्रास होईल पण टूल सुधारेल.

नोकरी

एमएस्सी झाली की ट्यूटर किंवा असिस्टंट प्रोफेसर. असिस्टंटला तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो, पुढं असोसिएट, आणि प्रोफेसरपर्यंत पोचायला सगळं धरून दहाच्या वर वर्षं जातात. सरकारीत पाठ्यनिर्देशिकेच्या जागा असतात पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, निघाली की लगेच भरा. पगाराचं स्पष्ट सांगायचं तर विद्यापीठाच्या असिस्टंट प्रोफेसरचं सातव्या वेतन आयोगाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे आणि बऱ्याच खासगी कॉलेजांत पगार त्याच्या जवळपास पण नसतो. जॉइन व्हायच्या आधी तिथं काम करणाऱ्या दोघींना विचारा, किती ठरलाय आणि किती महिन्यांनी येतो, दोन्ही विचारा.

पहिल्या दिवसापासून एक फाइल करा. अपॉइंटमेंट ऑर्डर, जॉइनिंग रिपोर्ट, विद्यापीठाचं टीचर अप्रूव्हल, पगार बँकेत आल्याचं स्टेटमेंट, फॉर्म १६, रिलिव्हिंग, एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट. प्रमोशन आणि गाईडशिपला हे सगळं लागतं आणि सात वर्षांनी जुन्या कॉलेजकडं मागायला गेलात तर क्लार्क बदललेला असतो. आणि हो, तुमची ओरिजिनल कागदं इन्स्पेक्शनपुरती द्या, दोन दिवस येऊन बसा, पैसे मिळतील असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. कागदावरची फॅकल्टी बनलात की तुमचं नाव दोन ठिकाणी दिसतं आणि पुढचं अप्रूव्हल तिथंच अडकतं, आणि त्या कॉलेजातली पोरं कुणाकडून शिकतात हा प्रश्न वेगळाच.

शिकवण्याबद्दल एवढंच म्हणेन की लेसन प्लॅन लिहा पण त्याच्याकडं बघून शिकवू नका, आणि पोस्टिंगला पोरांबरोबर तुम्ही पण पेशंटला हात लावा. एका शिक्षकामागं दहा विद्यार्थी असं प्रमाण धरतात ते यासाठीच. ऑफिसमधे बसून केअर प्लॅन तपासणाऱ्या मॅडमला वहीत लिहायला नवीन प्रश्न सापडत नाहीत.

पीएचडी

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून, कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ किंवा सांगलीत कॉलेज असलेलं भारती विद्यापीठ अशा अभिमत विद्यापीठांतून, किंवा इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॅशनल कन्सॉर्शियममधून, म्हणजे देशपातळीवरच्या संयुक्त पीएचडी कार्यक्रमातून, रस्ते आहेत. कन्सॉर्शियम २००५-०६ च्या सुमाराला बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबर सुरू झालं. जागा कमी असतात, त्या वर्षी कुठल्या विषयाला गाईड मोकळे आहेत ते आधी बघा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत मास्टर्सला ५५ टक्के, किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, दर सेमिस्टरला समितीपुढं प्रगती मांडणं असं आहे. बायकांना २ वर्षांची सवलत आहे आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, मागून घ्या. पार्ट टाइम करणार असाल तर कॉलेजची एनओसी लागते आणि त्यात अभ्यासाला वेळ देऊ असं लिहिलेलं असतं, त्या कागदाची झेरॉक्स जवळ ठेवा, पुढं कामाला येईल. विद्यापीठाचे स्वतःचे नियम वर असतात, ते पण वाचा.

गाईड निवडताना पद बघू नका. नियमाप्रमाणं प्रोफेसरकडं एका वेळी ८, असोसिएटकडं ६, असिस्टंटकडं ४ पीएचडीवाले असू शकतात, त्यामुळं मोठ्या नावाकडं रांग असते. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि एकच विचारा, चॅप्टर दिला की किती दिवसांनी परत येतो. स्वभाव वगैरे नंतर. आणि विषय एमएस्सीच्या विषयाला धरूनच घ्या. फ्लेबायटिस किती होतो हे एमएस्सीत मोजलं असेल तर तो कसा कमी होईल हे पीएचडीत करा, म्हणजे वाचलेलं वाया जात नाही आणि दहा वर्षांनी "आयव्ही केअरचं काय? त्या मॅडमना विचारा" असं लोक म्हणतात. एमएस्सीला स्तनपान, पीएचडीला डायबेटिस, नंतर विद्यार्थ्यांबरोबर मोबाइलचं व्यसन, असे पन्नास पेपर असले तरी नाव कशालाच जोडलं जात नाही.

पेपर छापणं

रोज मेल येतील, "डिअर एमिनंट प्रोफेसर", सात दिवसांत छापतो, अडीच हजार पाठवा. डिलीट करा. यूजीसीनं केअर ही मान्य जर्नलांची लिस्ट २०२५ ला बंद केली, त्यामुळं आता जर्नल ओळखायची जबाबदारी आपल्यावरच आहे: पबमेड, स्कोपस किंवा डीओएजे या जर्नलांच्या याद्यांमधे खरंच आहे का त्यांच्याच वेबसाइटवर जाऊन तपासा, जर्नलनं लिहिलंय यावर जाऊ नका. लिहायच्या आधी चेकलिस्ट घ्या, ऑब्झर्व्हेशनलला स्ट्रोब, ट्रायलला कन्सॉर्ट, मुलाखतींच्या अभ्यासाला कोरेक. रेफरन्सेस झोटेरो या सॉफ्टवेअरमधे ठेवा. ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या आत असेल तर अडचण नाही, पण सॉफ्टवेअरला फसवायला शब्द फिरवत बसू नका, वाचणाऱ्याला कळतं. आणि ज्यांनी काम केलं नाही त्यांचं नाव घालायचा आग्रह होईलच, वरच्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं, म्हणून डेटा गोळा करायच्या आधीच कोण काय करणार आणि नावाचा क्रम काय हे मेलवर लिहून घ्या.

वेळ

कॉलेजात वेळ कुठं जातो? इंटर्नल, प्रॅक्टिकल परीक्षा, विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती, नॅकच्या फायली, नर्सेस वीकची नाटकं, गॅदरिंग. रिसर्चला कुणी वेळ देत नाही, तो काढावा लागतो. माझ्या बघण्यातल्या ज्यांनी खरं काम केलं त्या सगळ्यांचा आठवड्यातला एक अर्धा दिवस ठरलेला असतो, टाइमटेबलमधे लिहिलेला, आणि तेव्हा त्या लायब्ररीत किंवा वॉर्डात असतात, केबिनमधे नाही, कारण केबिनमधे असलं की कुणीतरी सहीला येतंच. मोठी ग्रँट लगेच मिळत नाही. विद्यापीठाची सीड मनी (सुरुवातीची छोटी ग्रँट) असते तिथून सुरुवात करा, ती वेळेत खर्च करून युटिलायझेशन सर्टिफिकेट (खर्चाचा दाखला) वेळेत द्या, मग आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल ग्रँटला अर्ज करताना दाखवायला काहीतरी असतं. एकटीनं करू नका, कम्युनिटी मेडिसिनच्या डिपार्टमेंटमधल्या एखाद्या डॉक्टरला आणि एका स्टॅटिस्टिशियनला बरोबर घ्या, पण मुख्य संशोधक म्हणून नाव तुमचं राहील हे पहिल्या मीटिंगलाच बोला. नंतर बोललं की वाईटपणा येतो.

आणि अभ्यास संपला की निकाल जिथून आणला तिथं परत द्या. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: काय विचारलं, काय मिळालं, वॉर्डात उद्यापासून काय करता येईल. परिसेविका मॅडमना द्या, मेडिकल ऑफिसरना द्या, आशाताईंच्या मासिक मीटिंगला दहा मिनिटं मागून सांगा. हे फार कमी जण करतात, त्यामुळं लक्षात राहतं, आणि पुढच्या अभ्यासाचं पत्र घेऊन गेलात की "या मॅडम, बसा" म्हणून परवानगी त्याच आठवड्यात मिळायची शक्यता बरीच वाढते.